तळहात बघण्याचे दिवस

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, भर सकाळी, डोळे टक्क उघडे असताना मी झोपेत आहे असं ठरवलं आणि तसा वागलो.

एवढीच गोष्ट. बाकीचं सगळं या वाक्याचं शेपूट आहे. पण ते शेपूट इतकी वर्षं माझ्यामागून फरपटत येतंय आणि दर फेब्रुवारीत त्यावर कुणाचा तरी पाय पडतो.

फेब्रुवारीतच का, तर मी आता साताऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. (नियतीला विनोद कळतो, फक्त तो ती दुसऱ्याच्या खर्चाने करते.) याच दिवसांत आठवीला हळदीचा कागद दाखवायचा असतो. मुलं घरून चिमूटभर हळद आणतात, आम्ही ती पाण्यात कालवून गाळणकागदाला फासतो, वाळवतो आणि साबणाच्या पाण्यात बुडवतो. पिवळा कागद बघता बघता लाल होतो. मागच्या बाकापर्यंत "ओऽऽ" जातं. "सर, जादू!" असं कुणीतरी म्हणतंच. मग मी म्हणतो, "जादूबिदू काही नाही. साबण, चुना, सोडा, असलं काही लागलं की हळद लाल होते. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नसतं तो..."

तिथं मी थांबतो. मुलं वाट बघतात. मी फळ्याकडे वळून उगाचच तारीख नीट करतो, कारण तेवढ्यात कानाच्या पाळ्या तापलेल्या असतात.

मी शिकायला होतो सांगलीत, आणि फेब्रुवारी-मार्चची सांगली नाकाने ओळखावी. शिजवलेली, वाळवलेली, घासून उजळ केलेली हळद पोत्यापोत्यांनी मार्केट यार्डात येते आणि पुढे दीड-दोन महिने गावाच्या त्या अंगाला एक मातकट, उबदार, जरासा औषधी वास मुक्कामाला असतो. हमालांच्या भुवया पिवळ्या. रिक्षांच्या टपांवर पिवळी धूळ. चहाच्या गाड्यावरच्या ग्लासांवर पिवळ्या बोटांचे ठसे, ते धुतले तरी जात नाहीत. एखादं कुत्रं निम्मं पिवळं होऊन रस्त्याच्या मधोमध पसरलेलं असायचं, स्वतःच्या लग्नातून उठून आल्यासारखं.

मी राहायचो विश्रामबागेत, कॉलेजजवळच्या एका खोलीत. तिथवर तो वास पोचत नसे. माझ्याकडे तो डब्यातून यायचा, आणि डबा यायचा यशवंतमामांच्या सायकलीला लटकून.

यशवंतमामा म्हणजे आमच्या रसायनशास्त्राच्या लॅबचे शिपाई. सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची. मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या कुठल्याशा उजाड गावचे. भाऊ, चुलतभाऊ सगळे मुंबईला कामाला गेलेले. मामा तेवढे सांगलीला आले. सांगायचे, "तिकडं प्यायला पानी न्हाई म्हनून मी नदीच्या गावाला आलो. आन् हितं काय करतोय, तर पानी उकळून, त्याची वाफ धरून, परत बाटलीत भरतोय." डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीकडे बोट करून स्वतःच हसायचे. नऊ वर्षं ते तात्पुरते होते. नऊ वर्षं दर जूनला नवीन कागद, दर एप्रिलला धाकधूक. आणि त्या वर्षी, त्या मार्चअखेर, संस्थेच्या बैठकीत ज्यांना कायम करायचं त्यांच्या यादीत पहिल्यांदा मामांचं नाव होतं.

मामांची एक सवय मी कधी विसरणार नाही. कुठलीही बाटली घेताना ते लेबल दोनदा वाचत. एकदा फळीवरून उचलताना, पुन्हा ओतायच्या आधी. मी एकदा हसलो तर म्हणाले, "उचलल्यापासनं वतंस्तवर मदल्या येळंत आपलं मन कुटं भटकून आलं, त्ये आपल्याला कळत न्हाई गड्या. म्हनून दुसऱ्यांदा वाचायचं."

त्यांच्या बायको कमलमावशी हंगामात यार्डातल्या एका गोदामात हळकुंडं निवडायला जायच्या. लांब एकीकडे, गड्डे एकीकडे, किडकं तिसरीकडे. दोन महिने त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. भाकरीच्या कडेलाही तो रंग उतरायचा. डब्यात ओल्या हळदीचं लोणचं असायचं, लिंबात मुरलेलं. ते खाऊन माझी जीभ पिवळी व्हायची आणि वर्गातल्या पोरी समोर आल्या की मी तोंड मिटून हसायचो.

आमचं गाव कोरेगावच्या बाजूला, घरचा ऊस, दोन चुलते फौजेत. घरी मी कळवलं होतं की 'खानावळीत जेवतो'. मामांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि माझा डबा त्या घरातून येत होता, हे मी आजीला सांगितलं नव्हतं. ती काय म्हणेल ते मला माहीत होतं आणि ते ऐकायचं टाळलं की प्रश्न मिटला, असं मला वाटायचं. गप्प बसण्याचा सराव माझा तसा जुनाच म्हणायचा.

आता पुस्तकाकडे येतो. सांगलीच्या स्टँडजवळ जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्याकडे मला एक पातळ पुस्तक मिळालं. कव्हर फाटलेलं, पहिली आठ-दहा पानं गायब, त्यामुळे लिहिणारा कोण आणि पुस्तकाचं नाव काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विषय असा की स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं आपल्याला कळू शकतं. एकदा का ते कळलं, की स्वप्न आपलं. उडा, हवं तिथं जा, हवं त्याच्याशी बोला. पण त्यासाठी दिवसा सराव पाहिजे. दिवसभरात पुन्हा पुन्हा थांबायचं, तळहाताकडे बघायचं आणि स्वतःला मनापासून विचारायचं, 'मी आत्ता जागा आहे का?' दिवसा सवय लागली की झोपेतही तोच प्रश्न पडतो. आणि झोपेत तळहात तसाच राहत नाही. बोटं वाढतात, रंग पालटतो. घड्याळ एकदा बघून पुन्हा बघितलं तर वेळ भलतीच. लिहिलेलं वाचून मान वळवून पुन्हा वाचलं तर अक्षरं बदललेली. शेवटची कसोटी नाकाची. नाक घट्ट दाबायचं, तोंड मिटायचं, आणि तरी श्वास चालू राहिला तर खुशाल समजायचं की आपण अंथरुणात आहोत.

मला हे फारच पटलं. आयुष्याचा एवढा मोठा भाग माणूस नुसता लोळत वाया घालवतो, त्यात मी अभ्यास करीन, असा उदात्त विचार मी वहीत लिहिला. खरा विचार दुसऱ्या बाकावर बसायचा आणि तिला दोन वेण्या होत्या. जागेपणी मला तिच्याकडे जर्नल मागायची छाती होत नव्हती. स्वप्नात मागितलं असतं.

मग लागलो सरावाला. दरवाजा ओलांडला की तळहात. जिना चढलो की तळहात. वर्गात सर हजेरी घेताहेत आणि मी हाताकडे टक लावून. पोरं म्हणायची, "दिनकर, लग्नाचा योग दिसतोय का रं?" गावी जाताना एसटीत मी नाक दाबून बसलो, तर कंडक्टर लांबूनच ओरडला, "ए पोरा, वकारी येतीया का? खिडकीला सरक, त्या बाईच्या लुगड्यावर नगं." शेजारची बाई उठूनच गेली. मी रीतसर गुदमरलो आणि जागा असल्याची खात्री करून घेतली.

आणि स्वप्न? एकही नाही. म्हणजे पडायची, रोजचीच, परीक्षेला उशीर झालाय, चप्पल सापडत नाही, असली भुक्कड. ती चालू असताना तळहात बघायचं एकदाही सुचलं नाही. पण हे मी कुणाला सांगतो? डबा घेताना मामांना सगळी विद्या सांगून बसलो होतो. मामांनी विचारलं, "मग जमलं का तुला?" आणि मी, लाज नसलेला माणूस, म्हणालो, "जमलं की! कृष्णेच्या पुलावरनं उडालो, पार हरिपूरपातुर." घाटावरच्या बायका वर बघत होत्या, असंही घातलं वर.

मामांनी ते खरं मानलं. मामा सगळंच खरं मानायचे, म्हणून तर लेबल दोनदा वाचायचे.

त्यांना एक स्वप्न वरचेवर पडायचं. ऑफिसात हजेरीचं बुक उघडं आहे, हातात पेन आहे, सगळ्यांची नावं आहेत आणि त्यांचं नाही. घाम फुटून जाग यायची. मी त्यांना गुरूच्या थाटात म्हणालो, "मामा, तुमचा सराव तर कवाचाच झालाय. तुमी लेबल दोनदा वाचता. तसंच हजेरीबुक दोनदा वाचा."

पंधरा दिवसांनी सकाळी सायकल खोलीसमोर थांबली. मामा डबा काढायच्या आधीच बोलायला लागले.

"दिन्या, जमलं रं! बुक उगडलं. सगळ्यांची नावं, माजं न्हाई. छाती रोजच्यागत धडधडाय लागली. मग म्हनलं, थांब, दुसऱ्यांदा वाचायचं ऱ्हायलंय. खिडकीतनं भाईर बगितलं, परत बुकात बगितलं, तर अक्षरं मुंग्यांगत पळाय लागली. म्हनलं, आत्तिच्या मारी, हे सपान हाय!"

"मग?"

"मग काय? पेन हातातच हुतं. मीच लिवलं माजं नाव. दोन कॉलम भरून लिवलं."

एवढं बोलून ते इतके हसले की सायकल हलली आणि डब्यातलं कालवण सांडलं. मीही हसलो. आतून मात्र जळून खाक झालो होतो. पुस्तक माझं, सराव माझा, गुदमरलो मी, आणि स्वप्न त्यांना पडलं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी मला एक स्वप्न पडलं. लॅब आहे, मी टेबलाशी उभा आहे आणि मामा हळूच वाकून माझ्या कानात सॉल्टचं, म्हणजे परीक्षेत ओळखायला दिलेल्या क्षाराचं, नाव सांगतात. मी खूश होतो, धडाधड लिहितो आणि जागा होतो. जागा झाल्यावर कपाळ बडवून घेतलं. मामा आणि सॉल्टचं नाव सांगणार? पोरांनी वर्षानुवर्षं हातापाया पडून पाहिलं होतं. परीक्षेच्या पुड्या मामाच बांधायचे, कुठल्या पुडीत काय ते त्यांना माहीत असायचं आणि कुणाला कधी एक अक्षर कळलं नव्हतं. एवढी ढळढळीत खूण समोर असून मला कळलं नाही की हे स्वप्न आहे! ठरवलं, पुढच्या वेळी सोडायचं नाही.

परीक्षेच्या सकाळी मामा लवकर लॅबवर गेले, म्हणून मीच त्यांच्या घरी जेवायला गेलो. मावशी भाकरी थापत होत्या. मदत म्हणून मी विळीवर कांदा चिरायला बसलो. उंबरा ओलांडताना तळहात बघायचा राहिला होता, तो आता बघितला. विळी आपलं काम करत होती. बोट कापलं.

"कांद्याकडं बगायचं सोडून हाताकडं काय बगतोस रं?" मावशी उठल्या, डब्यातून मूठभर हळद घेतली, बोटावर दाबली, वर चिंधी बांधली. राहिलेली हळद माझ्याच तळहातावर पुसून म्हणाल्या, "लय छंद न्हवं हात बगायचा? घे, आता रंगीत बग."

मनगटापर्यंत पिवळा हात घेऊन मी परीक्षेला गेलो.

लॅबमध्ये पुडी मिळाली. पांढरी भुकटी. काम चालू केलं. तापवलं, वास घेतला, सोड्याच्या पाण्यात उकळायला ठेवलं. उकळताना ते थोडं उतू गेलं, निवल्यावर नळी उचलताना थोडं हातावर आलं, मी पुसलं. एवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. मघाशी पावणेअकरा वाजले होते, आता सव्वादहा. बरं, हे कसं झालं ते नंतर कळलं. भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे पळत होतं. एक्स्टर्नलच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मामांना सांगितलं. मामांनी स्टुलावर चढून काटे मागे सारले. अख्ख्या लॅबने ते पाहिलं. मी नळीत डोकं घालून बसलो होतो.

मी तळहात बघितला.

तळहात लाल होता. पिवळा हात माझ्या डोळ्यांसमोर कुंकवासारखा लाल होत चालला होता, आणि दुखत अजिबात नव्हतं.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी होतो. हळदीच्या गावात राहत होतो, हळदीचा डबा खात होतो, सोड्याच्या पाण्याची नळी माझ्या हातात होती. कुंकू हळदीचं करतात हे माझ्या न शिकलेल्या आजीलाही माहीत होतं. आणि माझ्या डोक्यात एकच घंटा वाजली : सापडलं! पकडलं! हे स्वप्न आहे!

नाकाची कसोटी राहिली होती. ती केली असती तर गुदमरलो असतो आणि सगळे वाचलो असतो. पण इतक्या महिन्यांनी हाती लागलेलं स्वप्न, कोण नाक दाबत बसतो?

मी चिमटा खाली ठेवला. समोरून मामा डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन चालले होते. मी अख्ख्या लॅबला ऐकू जाईल अशा आनंदी आवाजात म्हणालो, "मामा! आवं परवा कानात सांगितलंत, तसं आजबी सांगा की कुठलं सॉल्ट हाय त्ये!"

एक्स्टर्नल खुर्चीतून उठले. मी त्यांना म्हणालो, "बसा सर, बसा. तुमी काय खरे न्हाई."

मग स्टुलावर चढलो, हात पसरले आणि हरिपूरच्या दिशेने उडालो.

फरशीवर आपटल्यावर गुडघ्याने मला जे सांगितलं ते पुस्तकात कुठंच नव्हतं. मान वर केली. मामा तसेच उभे होते, बाटली दोन्ही हातांनी धरून. त्यांच्या मागे एक्स्टर्नल. ते माझ्याशी बोललेच नाहीत. त्यांनी मामांना विचारलं, "परवा काय सांगितलं होतं तुम्ही याला?"

आता इथून पुढचं हसत सांगता येत नाही. बऱ्याच मैफलींत मी ही गोष्ट सांगितली आहे आणि दर वेळी उडीपाशीच संपवली आहे. लोक पोट धरून हसतात, मीही हसतो आणि विषय बदलतो.

त्याच दुपारी प्राचार्यांनी मला बोलावलं. टेबलावर एक्स्टर्नलचं लेखी पत्र होतं. प्राचार्य शांत माणूस. म्हणाले, "हे बघ, यशवंत नऊ वर्षं इथं आहे. माझा विश्वास बसत नाही. पण तू सगळ्यांसमोर बोललास. त्याने तुला काही सांगितलं होतं का?"

एका शब्दाचं उत्तर होतं. 'नाही.' पण ते दिलं की पुढचा प्रश्न येणार, मग तसं का बोललास? आणि मग तळहात, पुस्तक, नाक, कृष्णेचा पूल, सगळं बाहेर येणार. कॉलेजभर होणार. दोन वेण्यांपर्यंत जाणार. घरी पत्र जाणार, फौजेतल्या चुलत्यांना कळणार की पोरगं सांगलीत जाऊन वेडं झालं. मी खाली बघितलं. हात धुतला होता तरी रेषांमध्ये लाल राहिलं होतं.

म्हणालो, "सर, उन्हानं चक्कर आली होती. काय बोललो ते मला आठवत नाही."

त्या खोलीत मी जितका जागा होतो तितका आयुष्यात क्वचित असेन. पंख्याचा आवाज आठवतो. पेपरवेटमधला हिरवा बुडबुडा आठवतो. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले तेही आठवतं.

मामांना चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, असं पत्र मिळालं.

मला वाटलं, डबा आता बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलीची घंटा वाजली. आजवर मामा कॉलेजला येता येता माझा डबा आणायचे. आता कॉलेजला यायचं नव्हतं. यार्डाच्या मागच्या त्यांच्या घरापासून विश्रामबागेपर्यंत ते केवळ माझ्या जेवणासाठी येत होते. "गरम हाय तवर खा," म्हणाले आणि सायकल वळवली. लोणचं होतं, भाकरीच्या कडेला पिवळं होतं. मी दार लावून सगळं जेवलो. भूक मेली होती असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी सगळं जेवलो.

असे आठ दिवस. रोज घंटा, रोज डबा, रोज 'गरम हाय तवर खा'. मावशींचा निरोप एकदा आला, बोट बरं झालं का म्हणून. बोट बरं झालं होतं. सहाव्या दिवशी संस्थेची बैठक झाली. ज्याची चौकशी चालू आहे त्याचं नाव यादीत ठेवता येत नाही, म्हणून ते काढलं. हे मला नोटीसबोर्डापाशी कळलं. यादी मी वाचली. मान वळवून पुन्हा वाचली.

आठव्या दिवशी मामा सायकलीवरून उतरले. डबा दिला आणि जायच्या आधी जरा घुटमळले.

"दिन्या, एक इचारू? त्या दिशी तू खरंच सपनात हुतास न्हवं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मला बी तसंच वाटलं. त्ये पत्र दिलं न्हवं त्यांनी मला, त्ये वाचलं आन् म्हनलं, थांबा, दुसऱ्यांदा वाचायचं ऱ्हायलंय." ते हसायचा प्रयत्न करत होते. "मान वळीवली, खिडकीतनं भाईर बगितलं, परत वाचलं. तर त्येच हुतं रं. एक अक्षर हललं न्हाई. हातबी बगितला. हात हाय तसाच."

माझ्या पुस्तकातली विद्या हा माणूस कुठं वापरून आला होता! मी डबा पायरीवर ठेवला, आतून पुस्तक उचललं आणि तसाच, बनियनवर, कॉलेजकडे चालत गेलो.

प्राचार्यांना सगळं सांगितलं. पुस्तक दाखवलं. त्यांनी आमच्या विभागप्रमुखांनाही बोलावलं. विभागप्रमुखांनी कपाटातून हळद आणि सोडा मागवला, माझ्याच तळहातावर हळद चोळली आणि वर सोड्याचं पाणी टाकलं. हात लाल झाला. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत राहिलो.

प्राचार्य म्हणाले, "खोटं बोलणारा माणूस याहून बरं काहीतरी सांगतो. हे खरं असणार." विभागप्रमुख एवढंच म्हणाले, "पहिल्या वर्षाला तुला पास कुणी केलं?"

मामा तिसऱ्या दिवशी कामावर आले. पण बैठक होऊन गेली होती. पुढची यादी निघायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं पुन्हा जूनचा कागद, एप्रिलची धाकधूक. मी पहिल्या दिवशी तो एक शब्द बोललो असतो तर ते सगळं टळलं असतं. आठ दिवस मी कुणाच्या ताटातलं जेवत गप्प होतो, ते मला रोज डब्याचं झाकण उघडताना कळत होतं, आणि तरी मी कोशिंबिरीत मीठ कमी आहे की काय ते चाखत होतो.

दोन वर्षांनी मामा कायम झाले, पुढे रीतसर निवृत्तही झाले. तोवर मी सांगली सोडली होती.

यंदा आठवीचा तो कागद दाखवून झाला आणि का कोण जाणे, रविवारी सांगलीची गाडी पकडली. यार्डाजवळ उतरलो तर तोच वास. मामांच्या खोल्यांना आता स्लॅब पडला आहे, बुद्धाची तसबीर त्याच भिंतीवर आहे. मामांचे केस कापसासारखे झालेत. मावशींचे हात आता पिवळे नसतात, गोदामाचं काम सुटलं. मला बघून म्हणाल्या, "आलास व्हय? बस," आणि चहा ठेवायला गेल्या.

मामांनी जुन्या गोष्टी काढल्या. उडी काढली, 'तुमी काय खरे न्हाई' काढलं, हसून हसून डोळे पुसले. मग म्हणाले, "मला अजून पडतं बग तसलं सपान. हजेरीबुक येतं. आता मी दुसऱ्यांदा वाचतबी न्हाई, सरळ पेन काडतो. तुला पडतं का रं? उडतोस का अजून हरिपूरला?"

खोटं बोलायला वाव होता. मी म्हणालो, "मामा, मी कधीच उडालो न्हाई. तवाबी न्हाई. मला तसलं सपान आजवर एकदाबी पडलेलं न्हाई. त्ये मी तुमाला थाप मारली हुती."

मामा म्हणाले, "आँ? मग मला कसं जमलं?" आणि पुन्हा हसायला लागले.

मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणजे वाटायला लागलं होतं. इतक्या वर्षांनी एक तरी गोष्ट आपण होऊन सांगितली होती. जुन्या सवयीने मी हात पुढे धरला आणि तळहाताकडे बघितलं. पाचही बोटं जागेवर. रंग नेहमीचा.

मावशी चहा घेऊन आल्या. कपबशी माझ्या त्याच तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या,

"हात काय बगतोस सारका? हात चांगलाच हुता तुजा. त्या आठ दिसांत तोंड कुटं गेलं हुतं, त्ये बगायचं हुतंस."